काटकसर कामगाराच्या पगारात, उधळण कामगाराविरुद्धच्या खटल्यांत

महापालिकांच्या अर्थसंकल्पाचा हंगाम आला की एक शब्द सर्वत्र घुमू लागतो: काटकसर. आयुक्तांच्या निवेदनात तो असतो, स्थायी समितीच्या चर्चेत असतो, आणि मालकधार्जिण्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत तर तो सदगुणांचा मुकुटमणीच ठरतो. रिक्त पदे भरू नयेत, निवृत्त होणाऱ्याच्या जागी नवा माणूस घेऊ नये, काम बाहेरच्या संस्थेकडे द्यावे, आस्थापना हलकी करावी, हा उपदेश इतक्या वर्षांत इतक्या वेळा झाला आहे की त्यामागचा हिशेब कोणी मांडलाच नाही याकडे लक्षही जाऊ नये. हा हिशेब मांडण्यासाठी महापालिकेचे एक दुर्लक्षित खाते उपयोगी पडते. ते म्हणजे विधी खाते. रस्ते, पाणी, आरोग्य, शिक्षण या खात्यांतील कपात नागरिकाला दिसते, टोचते. विधी खात्यातील कपात मात्र दिसत नाही. आणि नेमके तेथेच उघड होते की तिजोरी कोणासाठी बंद आहे व कोणासाठी उघडी आहे.

टक्केवारीची जादू

महाराष्ट्रातील महापालिकांना भरती नाकारताना एक ठराविक कारण दिले जाते. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असे राज्य शासनाचे बंधन आहे. ही मर्यादा ओलांडली गेली की नवी पदे मंजूर होत नाहीत आणि मंजूर पदेही भरता येत नाहीत. ऐकायला हे शिस्तीचे वाटते. पण अपूर्णांकाला अंश असतो तसाच छेदही असतो, हे शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. एकही माणूस न नेमता, एक रुपयाही पगार न वाढवता ही टक्केवारी वर नेता येते. त्यासाठी केवळ उत्पन्न खाली आणले की पुरते.

आणि उत्पन्न खाली कोणी आणले? नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणला गेला, आणि तोही १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपर्यंतची उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना माफ करण्यात आला. मुंबईची जकात हे त्या शहराच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तेही संपले. तेव्हापासून या संस्था राज्य शासनाकडून येणाऱ्या नुकसानभरपाईच्या हप्त्यावर जगत आहेत. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय लिहून दिले, पण त्यासाठी लागणारा पैसा लिहून दिला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२३–२४ मध्ये देशातील महापालिकांची एकूण महसुली जमा राष्ट्रीय उत्पादनाच्या अवघी ०.६ टक्के होती. प्रथम उत्पन्नाचे साधन काढून घ्यायचे, मग घटलेल्या उत्पन्नाशी पगाराची तुलना करायची, आणि शेवटी कामगार हाच बोजा आहे असा निष्कर्ष काढायचा, अशी ही रीत आहे.

याहून मोठी चलाखी लेखाशीर्षांची आहे. कायम विधी अधिकाऱ्याचा पगार आस्थापना खर्चात मोजला जातो. त्याची जागा रिकामी ठेवून तेच काम पॅनेलवरील वकिलाला दिले की त्याचे शुल्क दुसऱ्या शीर्षाखाली जाते. कायम सफाई कामगाराचा पगार आस्थापना. कंत्राटदाराचे बिल मात्र कामाचा खर्च. तिजोरीतून पैसा जातोच, कित्येकदा अधिकच जातो, पण टक्केवारीचा तक्ता स्वच्छ दिसतो. अशा रीतीने ३५ टक्क्यांचे बंधन खर्चावर लगाम घालत नाही. ते कायम नोकरीवर लगाम घालते आणि कंत्राटाला मोकळे रान देते.

विधी खाते कशासाठी असते?

महापालिकेचे विधी खाते ही चैनीची वस्तू नव्हे. शहराची जमीन, शहराचा कर आणि शहराचे नियम ज्या कागदांवर उभे असतात ते कागद सांभाळणारे हे खाते आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ चेच उदाहरण घ्यावे. विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, मैदान यासाठी राखून ठेवलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर बारा महिने झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने झाली. नोटीस कोणत्या टेबलावर आली, तिची नोंद कोणी केली, मुदत केव्हा संपते हे कोणी पाहिले, यावर एका वस्तीचे मैदान राहणार की तेथे बंगल्यांची वसाहत उभी राहणार हे ठरते. जागा रिकामी असेल, किंवा सहा वा अकरा महिन्यांच्या करारावर आलेला तरुण फाईल समजून घेईपर्यंत त्याची मुदत संपत असेल, तर मैदान जाते. त्यासाठी कोणाला लाचही द्यावी लागत नाही. रिकामी खुर्ची हे काम फुकट करते.

करांचेही तसेच आहे. मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर २०१० पासून लागू करण्यात आला. त्याच्या नियमांपैकी २०, २१ व २२ हे नियम, ज्यांत जमिनीवर भविष्यात होऊ शकणाऱ्या बांधकामाचे मूल्य धरून कर आकारण्याची तरतूद होती, ते मूळ अधिनियमाच्या अधिकाराबाहेर आहेत असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. मोठ्या भूखंडांच्या मालकांवर कर बसवण्याचा हेतू योग्य असूनही नियमांची बांधणी न्यायालयात टिकली नाही. ज्या मालकांकडून कर घ्यावयाचा त्यांच्या दिमतीला देशातील नामांकित वकील उभे असतात. त्यांच्यासमोर टिकणारा नियम लिहावयाचा तर त्यासाठी वर्षानुवर्षे त्याच विषयात मुरलेली माणसे खात्यात असावी लागतात. अशी माणसे रोजंदारीने मिळत नाहीत.

खटले कोणाविरुद्ध?

पण विधी खाते जेथे दुर्बळ हवे तेथे दुर्बळ आणि जेथे प्रबळ हवे तेथे प्रबळ असते, हीच खरी बाब आहे. बिल्डरसमोर ज्या महापालिकेला तारीख आठवत नाही, तीच महापालिका आपल्याच सफाई कामगाराविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकही पायरी चुकवत नाही.

मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा चळवळीला परिचित आहे. शहराचा कचरा उचलण्याचे काम ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाने छोट्या छोट्या संस्थांत वाटण्यात आले, आणि प्रत्येक संस्थेत वीसपेक्षा कमी माणसे दाखवण्यात आली. कारण उघड होते. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० वीस वा अधिक कामगारांना लागू होत असे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा बनाव न्यायाधिकरणासमोर उघडा पाडला. १३ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यायाधिकरणाने ही कंत्राटे दिखाऊ ठरवून कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानण्याचा निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी तेथेही हरली. त्यानंतरही कागदोपत्री नावांच्या स्पेलिंगमधील फरक पुढे करून अनेकांची नेमणूक अडवून धरण्यात आली. ज्या माणसाच्या हातचा झाडू वर्षानुवर्षे चालला, त्याच्या नावातील एका अक्षराचा मात्र महापालिकेला संशय आला!

हा मुंबईपुरता दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. दिल्ली महापालिकेने हजेरीपटावरील स्त्री कामगारांना प्रसूती रजा नाकारली. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या या स्त्रिया वर्षानुवर्षे काम करीत होत्या. पण त्या कायम नसल्याने त्यांना रजेचा हक्क नाही, असे महापालिकेचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाने १९९६ मध्ये कामगारांच्या बाजूने निवाडा दिला. दिल्लीची महापालिका तो मान्य न करता उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ मार्च २००० रोजी, म्हणजे महिला दिनीच, सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचे अपील फेटाळून प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ या स्त्रियांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. देशाच्या राजधानीच्या नागरी संस्थेने गरोदर मजूर स्त्रीविरुद्ध वर्षानुवर्षे वकील उभे केले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

गाझियाबादचे माळी हे तिसरे उदाहरण. नगर निगमाच्या उद्यान विभागात १९९८–९९ पासून राबणाऱ्या माळ्यांनी कायम करण्याची मागणी केली. तो वाद प्रलंबित असतानाच २००५ मध्ये त्यांना नोटीस न देता, भरपाई न देता कामावरून काढण्यात आले. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घेण्याचा आणि मागील वेतनाचा अर्धा भाग देण्याचा आदेश दिला. मधल्या वीस वर्षांत रोपांची झाडे झाली. माळ्यांचे तारुण्य मात्र न्यायालयांच्या पायऱ्यांवर संपले.

तिन्ही प्रकरणांत महापालिका अखेर हरल्या. मग त्या लढल्या कशासाठी? याचे उत्तर साधे आहे. खटला जिंकणे हा हेतूच नव्हता. वेळ काढणे हा हेतू होता. मालकाला विलंब परवडतो, कामगाराला परवडत नाही. दहा वर्षे खटला चालला म्हणजे दहा वर्षे किमान वेतनावर वा त्याहूनही कमी पैशांत काम झाले. त्यात काही माणसे थकली, काही गावी परतली, काही मेली. न्यायालयात हरलेला मालक तोवर प्रत्यक्षात जिंकलेला असतो. खासगी गिरणीमालक हे करीत असे तेव्हा ते त्याच्या नफ्यासाठी होते. लोकांच्या पैशावर चालणारी संस्था तेच करते तेव्हा ती गिरणीमालकाचीच नीती लोकांच्या खर्चाने चालवीत असते.

जनतेच्या तिजोरीचे रक्षण?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळता येणार नाही. सार्वजनिक संस्थेने आपल्याविरुद्धचे दावे लढवणे हे तिचे कर्तव्यच आहे. प्रत्येक हंगामी माणूस न्यायालयामार्फत कायम झाला तर स्पर्धेतून येऊ पाहणाऱ्या लाखो बेकार तरुणांचा हक्क बुडेल, असे सांगितले जाते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेतला जातो.

बेकार तरुणांचा कळवळा खरा असता तर मंजूर पदे रीतसर जाहिरात देऊन भरली गेली असती. मागच्या दाराने माणसे कामगारांनी आणली नाहीत. पुढचे दार प्रशासनाने बंद केले म्हणून मागचे दार उघडले गेले. शिवाय उमादेवी निकालातच मंजूर पदांवर दहा वर्षे वा अधिक काळ, न्यायालयाच्या आदेशाचा आधार नसताना, काम केलेल्यांचा प्रश्न एकवेळची बाब म्हणून सोडवण्याचे सांगितले होते. प्रशासनाच्या वकिलांनी त्या निकालातील नकार तेवढा पाठ केला आणि कर्तव्याचा भाग गाळला. गाझियाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच बजावले की दीर्घकाळच्या पिळवणुकीचे समर्थन करण्यासाठी त्या निकालाचा वापर करता येणार नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय दावा धोरणातही सरकारी संस्थांनी जबाबदार पक्षकार व्हावे, सवयीने खटले लढवू नयेत असे म्हटले होते. धोरण कागदावर राहिले. सवय कायम राहिली.

आणि तिजोरीच्या रक्षणाची भाषा कोण बोलते? ज्या मुंबई महापालिकेचा २०२५–२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, तीच.

बर्मिंगहॅमचा धडा

खटल्यांनी तिजोरी वाचते की बुडते हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमकडे पाहावे. तेथील नगर परिषदेत स्वयंपाक, सफाई, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना त्याच श्रेणीतील पुरुषांना मिळणारे बोनस नाकारण्यात आले होते. स्त्रियांनी समान वेतनाचा दावा केला तेव्हा परिषदेने दाव्याची मुदत संपली असा तांत्रिक बचाव घेतला आणि तो थेट तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २४ ऑक्टोबर २०१२ रोजी ती हरली. पुढील दशकात या दाव्यांपोटी सुमारे १.१ अब्ज पौंड द्यावे लागले, तरीही देणे संपले नाही. २०२३ मध्ये उरलेल्या दायित्वाचा अंदाज ६५ ते ७६ कोटी पौंडांचा होता. ५ सप्टेंबर २०२३ रोजी परिषदेने दिवाळखोरीसमान सूचना जारी केली. संगणक प्रणालीवरील वाया गेलेला खर्च आणि २०१० पासून केंद्राने केलेली अनुदानकपात ही कारणेही त्यात होतीच. पण त्यानंतर कात्री कोठे चालली? ग्रंथालये, युवक सेवा, समाजकल्याण आणि पुन्हा कामगार. मार्च २०२५ मध्ये तेथील सफाई कामगारांना वेतनकपातीविरुद्ध बेमुदत संपावर जावे लागले. ज्या अन्यायाची भरपाई करावयाची होती तिचे बिलही कष्टकऱ्यांच्याच माथी मारले गेले. वेळेवर तडजोड करण्याचा सल्ला देणारे व तो ऐकणारे प्रशासन स्वस्त पडले असते.

विधी अधिकारीही कंत्राटी

या व्यवस्थेतील सर्वांत बोचरा विनोद विधी खात्याच्या आतच आहे. कामगाराला कंत्राटी ठेवणे कायदेशीर आहे असा युक्तिवाद ज्या तरुण विधी अधिकाऱ्याने तयार करावयाचा, तो स्वतःच अनेकदा ठोक मानधनावर, काही महिन्यांच्या करारावर असतो. त्याला रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, पुढील वर्षीची शाश्वती नाही. वरिष्ठाला नको असलेला सल्ला, म्हणजे हा खटला लढवू नये, हा निवाडा मान्य करावा, हा भूखंड सोडू नये, असा सल्ला देण्याचे बळ त्याच्यात कोठून यावे? कायम नोकरीमुळे आळस येतो असे सांगितले जाते. कायम नोकरीमुळे खरे बोलण्याचे धैर्य येते, हे मात्र कोणी सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला हजेरीनिहाय शुल्क घेणारे पॅनेल आहे. येथे कोणा वकिलाच्या सचोटीचा प्रश्न नाही. कामगारांसाठी विनामूल्य उभे राहिलेल्या वकिलांची परंपरा या देशात मोठी आहे. प्रश्न रचनेचा आहे. जेथे प्रत्येक तारखेला पैसे आहेत आणि तडजोडीला पैसे नाहीत, तेथे तारखा वाढणार.

आणि या साऱ्यावर लोकप्रतिनिधींची देखरेख असावी, तर तीही काढून घेतली गेली. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. स्थायी समितीचे अधिकारही त्याचेच. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. या काळात कोणत्या कामगाराविरुद्ध अपील करावे आणि त्यासाठी किती शुल्क द्यावे, हे सभागृहात विचारणारा एकही नगरसेवक नव्हता.

पुढची लढाई

पुढील खटल्यांची तयारी आताच सुरू झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यवसायसुरक्षा संहितेत कंत्राटी कामगारांसाठीची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेण्यात आली आहे. म्हणजे ‘हैदराबाद पॅटर्न’ला जी लपवाछपवी करावी लागली ती आता अडीचपट मोठ्या प्रमाणावर उघडपणे करता येईल. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते, आणि त्याच श्वासात झाडलोट व कचरा उचलणे ही कामे मुख्य कामाच्या व्याख्येतून वगळते. अपवाद एवढाच की ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली असावी. येथे कामगार संघटनांनी पाय रोवले पाहिजेत. महापालिका ही स्वच्छतेसाठीच स्थापन झालेली संस्था आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार कचरा काढणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. हा मुद्दा न्यायालयात निघण्याआधी रस्त्यावर आणि सभागृहात निघाला पाहिजे, कारण न्यायालयाचा निकाल येईपर्यंत एक पिढी निघून जाते, हे वरील तिन्ही प्रकरणांनी शिकवले आहे.

म्हणून ज्या ज्या शहरात कार्यकर्ते आहेत, मग ते मुंबई–सोलापूर असो, इंदूर–बडोदे असो की दिल्ली, तेथे काही ठोस मागण्या घेऊन उभे राहणे आवश्यक आहे. विधी खात्यातील मंजूर पदे कायम स्वरूपात भरावीत. कोणत्या खटल्यावर, कोणाविरुद्ध, किती शुल्क खर्च झाले आणि निकाल काय लागला याचा वार्षिक तक्ता सभागृहापुढे ठेवावा. तो ठेवला जात नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली तो मागावा. कामगारांच्या बाजूने लागलेल्या निवाड्याविरुद्ध अपील करण्यापूर्वी सर्वसाधारण सभेचा ठराव अनिवार्य करावा, म्हणजे कोणता पक्ष कोणत्या बाजूला हात वर करतो हे जनतेला दिसेल. आणि ३५ टक्क्यांचा हिशेब लावावयाचाच असेल, तर कंत्राटदारांची बिले व बाहेरील वकिलांची शुल्केही त्यात मोजावीत.

हा तक्ता ज्या दिवशी एका तरी शहरात प्रसिद्ध होईल, त्या दिवशी काटकसरीच्या उपदेशकांना उत्तर देण्यासाठी भाषणाची गरज उरणार नाही. एका स्तंभात सफाई कामगाराचा न दिलेला पगार असेल, शेजारच्या स्तंभात तो न देण्यासाठी केलेला खर्च असेल. बेरीज कष्टकरी जनता स्वतः करील.